पिवळ्या कार्डावरच्या दोन चौकटी

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५, सकाळी साडेनऊ. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्याच्या सभागृहात मी एक कार्ड मोठ्याने वाचले. त्या वाचनाने एका माणसाचे काम गेले.

निवृत्तीनंतर मी सल्लागार झालो. मालकांना संस्कृती बदलून हवी असते. म्हणजे कामगाराने निर्भयपणे बोलावे आणि साहेबाने ऐकावे. मी स्वतः आयुष्यभर साहेब होतो आणि फारसे ऐकले नव्हते. तरीही मला कामे मिळत गेली. या कारखान्यात मी भिंतीवर तक्रारी-सूचनांची पेटी बसवली, पिवळी कार्डे छापून घेतली. नाव लिहायचे नाही, असे बजावले. मात्र विभाग आणि पाळी यांसाठी दोन चौकटी आखल्या, कारण मला तक्ते करायचे होते.

त्या कार्डावर लिहिले होते: ‘एडवणची बस तीनला सुटते. रिलीव्हर तीन दहाला येतो. रिअ‍ॅक्टरजवळ कोणी कोणाला काही सांगत नाही.’

पूर्वी पाळी संपवून जाणारा ऑपरेटर रिलीव्हरला, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाला, रिअ‍ॅक्टरपाशी उभा करून तोंडी सांगे: काय घातले, काय राहिले, तापमान कुठे अडते. वहीत जे उतरत नाही ते तेवढ्यात सांगून होई. बसच्या वेळा बदलल्या आणि ही रीत बंद पडली. कार्ड खरे होते. मी ते अभिमानाने वाचले. विभाग आणि पाळीसकट वाचले. त्या विभागात, पहिल्या पाळीला, एडवणच्या बसने जाणारा माणूस एकच होता. सभागृहात हे सर्वांना ठाऊक होते. मला नव्हते, कारण मी कधी विचारले नव्हते.

साडेअकराला तो मला फाटकाबाहेर दिसला. पन्नाशीचा, कोळ्यांच्या घरातला, ठेकेदाराकडून लागलेला. गेटपास काढून घेतला होता.

“काय झाले?”

“काय होनार, साहेब? तुमी वाचलंत झ्याक. रेडिओवर बातम्या वाचतात तसं.”

“मी आत जाऊन बोलतो.”

“बोला. पेटी तुमची हाय, चावी त्यांच्याकडं हाय.” मग आवाज बदलून म्हणाला, “त्याच्याआधी एक करा. दोन नंबरच्या रिअ‍ॅक्टरचं तापमान सकाळपासून चढतंय. मला कोनाला सांगू दिलं नाय, सरळ बाहेर काढलं.”

मी धावत गेलो. या वयात धावणे शोभत नाही. दोन नंबरपाशी एक नवखा मुलगा हरवल्यासारखा इकडेतिकडे बघत उभा होता. त्याला सांगितले, त्याने थंड पाण्याची झडप उघडली. तो निरोप पोचवून मग व्यवस्थापकाच्या खोलीत शिरलो.

“सर, तुम्ही कल्चर बघा. शिस्त माझ्याकडे राहू द्या.”

“त्याने खोटे काय लिहिले?”

“खोटं नाही हो. पण उद्या जो तो बसची वेळ ठरवायला लागेल. शिवाय तो ठेकेदाराचा माणूस. आमचा नाहीच.”

“गेटपास परत द्या. नाहीतर शुक्रवारी कारखाना बघायला येणाऱ्या तुमच्या परदेशी ग्राहकापुढे मी उभा राहणार नाही.”

“सर, सल्लागार बोईसरमध्येसुद्धा मिळतात.”

ते खरे होते. त्याच्यावर चिडणे सोपे होते आणि मी चिडलो. टेबलावर हात आपटला, जे मी नोकरीतही कधी केले नव्हते. पण त्याने माझ्याच चौकटी वाचल्या होत्या. भीती घालवतो म्हणून आलो आणि माणूस ओळखण्याचे साधन छापून दिले.

गेटपास मिळाला नाही. फाटकाशी जाऊन तसे सांगितले, चूक माझी आहे असेही सांगितले. तो “बरं” म्हणाला आणि तीनच्या बसने गेला.

मी देखभाल विभागातून पेचकस मागून घेतला आणि पेटीच्या बिजागरीचे स्क्रू काढले. कार्यालयातला एक जण आला. “सर, पेटी कंपनीची आहे.”

“पेटी ठेवा.”

आत चौदा कार्डे होती, दोन्ही चौकटी भरलेली. ती पिशवीत घातली आणि पालघरला घरी आलो. न वाचता फाडली, न्हाणीघरातल्या बादलीत भिजवली आणि शाई सुटेपर्यंत हाताने कुस्करली.