सासुरवाडीवाला परशुराम

परशुराम नौपाड्यात राघोशेठच्या लाउडस्पीकरच्या दुकानात कामाला होता. सभा असो, मेळा असो, खांबावर चढून कर्णे बांधायचे हे त्याचं काम. बावन्न साली ठाण्यातल्या हुतूतूच्या सामन्यांत माईकवर बोलणारे नेहमीचे मास्तर आजारी पडले, म्हणून राघोशेठने माईक त्याच्या हातात दिला. एक गडी भीतभीत चढाईला निघालेला पाहून परशुराम सहज बोलून गेला, "अहो, चढाईला निघालात की सासुरवाडीला?"

मैदान हसून लोळलं.

त्या एका वाक्याने त्याचं नशीब पालटलं. कल्याण, डोंबिवली, विठ्ठलवाडी, सगळीकडून बोलावणी येऊ लागली. गणपतीत करमणुकीच्या कार्यक्रमालाही तोच. त्याला खरं तर खेळ सांगायचा होता: गडी दम कसा राखतो, पकड कुठे फसते. पण तसं बोलू लागला की मागून ओरडा व्हायचा, "सासुरवाडी! सासुरवाडी!"

"लोकांना जे हवं ते दे," राघोशेठ म्हणायचा. "तोंड वाकडं करू नकोस."

पुढे पुढे तर तो साधं बोलला तरी लोक हसायचे. त्याची सासू वारली तेव्हा शेजारच्या वासंतीवहिनींना तो सांगायला गेला, तर त्यांना आधी हसू फुटलं आणि मग त्या शरमल्या. बायको कलावती दारात उभी होती. दोन दिवस तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

छप्पन साली कल्याणला अंतिम सामना होता. कोलशेतचा गोविंदा चढाईला गेला आणि चौघांच्या पकडीत आडवा पडला. गुडघा भलतीकडेच वळलेला परशुरामाला दिसला.

"खेळ थांबवा! गोविंदाला लागलंय. कुणी डॉक्टर असतील तर पुढे या."

लोक हसले.

"अहो, खरंच सांगतोय! पाय मोडलाय त्याचा!"

हशा आणखी वाढला. शेवटी माईक टाकून तो गर्दीत घुसला, लोकांना ढकलत गोविंदापर्यंत पोचला. परशुरामाचं रडवेलं तोंड पाहिलं तेव्हा कुठे पुढच्या रांगेतले डॉक्टर उठले. "मला वाटलं नक्कल चाललीय," ते म्हणाले.

गोविंदाचा पाय कायमचा ताठ राहिला. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाल्याने काही बिघडलं नाही, गुडघा तसाही गेलाच होता. परशुरामाला ते पटलं नाही. त्याने राघोशेठला निक्षून सांगितलं, "आता फक्त कर्णे बांधीन."

पुढच्या हंगामात कोलशेतलाच सामने होते. गोविंदाला मानाची खुर्ची दिली होती. परशुराम खांबावरून उतरतो न उतरतो तोच लोक त्याच्या नावाने ओरडू लागले. तो तसाच निघून जायला लागला, तेव्हा गोविंदाने त्याचा हात धरला.

"जरा बोल ना रं."

"तूसुद्धा, गोविंदा?"

"लोका हसली का माझ्या पायाकरं कोन बघत नाय." गोविंदाने धोतर पायावर ओढून घेतलं. "मगासधरनं सगली बघतान."

परशुराम माईककडे गेला.

त्यानंतर कित्येक वर्षं तो बोलत राहिला. नाही म्हणायचं नाव त्याने पुन्हा कधी काढलं नाही.