एम म्हणजे मोटर

माझ्या भाचीची सोयरीक ‘एम’ ह्या इंग्रजी अक्षरावरून मोडली. मोडणारा मी.

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला माणूस. वीस वर्षं पुण्यात एका पॅनल बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्यातली शेवटची बारा वर्षं डिस्पॅचला, म्हणजे खोकी मोजून ट्रकात चढवायला. ही दुसरी गोष्ट मी वसमतला कुणाला सांगितली नव्हती. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, तिथं दिलेली आहे. दाजींचा हळदीचा व्यापार. दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “आमचे मेव्हणे पुण्यात इंजिनिअर हायेत.” मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

दाजींनी हळद दळायचं जुनं मशीन घेतलं. देणारे सेनगावचे नामदेवराव. हे दाजींचे होणारे व्याही. माझी भाची सारिका हिची त्यांच्या मुलाशी सुपारी फुटली होती, लग्न उन्हाळ्यात धरलं होतं. नामदेवरावांनी त्या मशीनवर सहा वर्षं मसाला काढला, मग शेतीच्या व्यापात ते बंद ठेवलं. मशीन मूळ अमेरिकेतलं. गाडीत घालताना त्याच्या सगळ्या वायरी काढाव्या लागल्या होत्या, पण सोबत ड्रॉइंग होतं. त्यावरून वायरी परत जोडायच्या, एवढंच काम.

एवढंच काम गंगाधर करणार होता. गंगाधर वसमतचा वायरमन, निम्म्या बाजारपेठेच्या मोटरी त्याच्या हातच्या. पण दाजींनी मला फोन केला. “दिलीपराव, घरचा इंजिनिअर असताना बाहेरच्याला कशाला तकलीफ?”

मी रजा टाकून निघालो.

ड्रॉइंग टेबलावर पसरलं आणि त्यातलं मला काही ओळखू येईना. आमच्या कंपनीत युरोपच्या पद्धतीची ड्रॉइंगं. मोटर चालू-बंद करणारा जो स्विच असतो, कॉन्टॅक्टर, त्याला आमच्याकडे ‘के’ लिहितात. इथं ‘के’ कुठंच नाही. जिकडं बघावं तिकडं ‘एम’. एका गोलात एम, आणि दोन उभ्या रेघांच्या चार जोड्या, प्रत्येकीवर पुन्हा एम. एका कोपऱ्यात ‘एमटीआर’.

अशा वेळी माणसानं म्हणावं, मला कळत नाही. तीन शब्द आहेत, सोपे आहेत. पण दाजींनी बाजारातली सात-आठ माणसं बोलावून ठेवली होती आणि अक्का दारात पदर सावरून कौतुकानं बघत होती.

“एम म्हणजे मोटर,” मी म्हटलं. “दोन उभ्या रेघा म्हणजे कपॅसिटर.” (शाळेच्या पुस्तकात कपॅसिटर तसाच काढतात. इथपर्यंत माझा दोष नाही. इथून पुढचा सगळा माझा.) “गोलातली मोठी मोटर एक, कपॅसिटरवाल्या लहान चार. एकूण पाच. आणि एमटीआर म्हणजे मीटर.”

सगळ्यांनी मशीनकडे पाहिलं. मशीनला मोटर एकच होती.

गंगाधर हळूच म्हणाला, “साहेब, एम म्हणजे मोटर नसंल. ह्या पेटीतल्या कॉन्टॅक्टरवर बी एमच लिव्हेल हाय, बघा. आपण नामदेवरावांला इचारू ना. त्यायनी चालवेल हाय.”

“मोटरचा कॉन्टॅक्टर आहे, म्हणून एम लिहिलंय,” मी म्हटलं. “गंगाधर, हे वाचायला शिकावं लागतं.”

त्यानं पेटीचं झाकण लावलं. मलाही तिथंच थांबता आलं असतं.

“म्हंजे चार मोटरी कमी हायेत?” दाजींनी विचारलं.

“आणि मीटर,” मी म्हटलं.

दाजींचा चेहरा बघवेना. बाजारातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी म्हणालं, “व्याह्याला बी कोणी असं करतं का?” दाजींनी तिथूनच नामदेवरावांना फोन लावला आणि नुसतं “जेवायलाच या” म्हणाले. पण आवाज असा होता की नामदेवराव दुपारी मोटारसायकलवर एकटेच आले. अक्कानं पुरण घातलं होतं. ताट वाढलं, पाहुणे पाटावर बसले, आणि दाजींनी ड्रॉइंग ताटाशेजारी ठेवलं.

“मेव्हणे म्हणून राहिले, ह्याला पाच मोटरी पायजेत.”

नामदेवरावांना आधी थट्टा वाटली. ते हसले. कुणी हसत नाही असं पाहून थांबले.

“म्या सहा वर्सं मसाला काढला ह्याच्यावर. एकाच मोटरीवर.”

“मग ड्रॉइंग खोटं आहे का?” मी विचारलं.

“ड्रॉइंग खरं आसंल. मंग मी खोटा, असं म्हणून राहिले का तुमी?”

इथं शेवटची संधी होती. मी म्हटलं, “मी नाही म्हणत. कागद म्हणतो.”

नामदेवरावांनी घास ताटात ठेवला. पाण्याचा तांब्या घेऊन हात धुतले, अक्काला “येतो बाई” म्हणाले, आणि गेले. पोळीवरचं तूप तसंच होतं.

ते गेल्यावर गंगाधरनं ड्रॉइंगचा फोटो काढला आणि नांदेडच्या एका ओळखीच्या माणसाला पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं. गंगाधरनं ते मोठ्यानं वाचलं नाही. फोन माझ्या हातात दिला, हा त्याचा मोठेपणा. लिहिलं होतं की अमेरिकन पद्धतीत कॉन्टॅक्टरलाच ‘एम’ म्हणतात. गोल म्हणजे त्याची कॉइल. उभ्या रेघांच्या जोड्या म्हणजे त्याच कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट, कपॅसिटर नव्हेत. म्हणजे पाच एम मिळून वस्तू एकच. आणि मोटर म्हणजे ‘एमटीआर’. पूर्ण ड्रॉइंगवर मोटर एवढ्या एकाच ठिकाणी होती, आणि तिला मी मीटर म्हटलं होतं.

गंगाधरनं दोन तासांत वायरी जोडल्या. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. छान घुमत होतं. दाजी पुढे झाले आणि त्यांनी ते बंद केलं.

“दिल्या,” अक्का म्हणाली, “तुला येत नव्हतं तर काहून बोललास रे?”

दुसऱ्या दिवशी दाजी आणि मी सेनगावला गेलो. नामदेवरावांनी चहा दिला, वसमतला पाऊस कसा झाला ते विचारलं. मी पाया पडलो, तर “न्हाई न्हाई, तुमी शिकलेले मानसं” म्हणून पाय मागे घेतले. दाजी रडायचे राहिले होते.

“मशीन ठेवा,” नामदेवराव म्हणाले. “मशीनवर माझा राग न्हाई. पण उद्या माझ्या घरात सुनंला काही दिलं न्हाई दिलं, तर तुमी कागद घेऊन येसाल. म्या कागदासंगं कसा बोलू?”

सारिकानं भांडण केलं नाही. नांदेडला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, बसला बसवायला मी गेलो. खिडकीतून म्हणाली, “मामा, मला तो मुलगा आवडला होता.” मग बस सुटली. त्याला आता तीन वर्षं झाली. पुढच्या वर्षीच त्या मुलाचं दुसरीकडं झालं. सारिकासाठी स्थळं येतात. ती ड्यूटी आहे म्हणते.

दाजी माझ्याशी बोलतात, म्हणजे ‘या’ आणि ‘बसा’ म्हणतात. इंजिनिअर म्हणत नाहीत.

मागच्या महिन्यात आमच्या कंपनीला अमेरिकेची ऑर्डर मिळाली. साहेबांनी सगळ्यांना जमवून विचारलं, “अमेरिकन ड्रॉइंगवर पूर्वी कुणी काम केलंय का?” कुणाचा हात वर होईना. शेवटी मागून, डिस्पॅचच्या रांगेतून, मी केला.

साहेब खूश झाले. “अरे वा! काय केलं होतं?”

“मशीन होतं साहेब, हळद दळायचं.”

“तुम्ही चालू केलं?”

“नाही,” मी म्हटलं. “चालू वायरमननं केलं. मी फक्त लग्न बंद पाडलं.”