नाव विचारायची रीत

माझ्या नणंदेचं लेकरू जन्मलं आणि दुसऱ्याच दिवशी गेलं. मग तिला दातखीळ बसायला लागली, मध्येच किंचाळायची. केळापूरच्या सासरच्यांनी तिला आमच्या दारी, वणीला, आणून सोडलं. "बाहेरचं हाय. निघालं तर न्यायले येऊ, नाही तर ठेवा तुमच्याचकडे." अस्सा राग आला मला! बाई काय बाजारातली गाय आहे, दूध देत नाही म्हणून परत करायला?

सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. घरभर ठसका. नेमके तेव्हाच आमचे पाळकसाहेब प्रार्थनेला आले. खोकत खोकत म्हणाले, "ख्रिस्ती घरात हे काय चाललंय?"

मी रविवारी चर्चमध्ये पोरांना शिकवते, जुनंपानं वाचायचा नाद आहे. माझी जीभ कुठली गप्प बसते! म्हटलं, "साहेब, येशूच्या काळचे यहुदीही भूत काढायचेच की. माशाचं काळीज निखाऱ्यावर जाळायचे, औषधी मुळी बसवलेली अंगठी आजाऱ्याच्या नाकाशी धरायचे. आमच्या आईंनी मिरच्या जाळल्या, एवढाच फरक." ते हसले. माणूस भला.

मग त्यांनी नणंदेच्या डोक्यावर हात ठेवला आणि आवाज चढवला, "तुझं नाव काय? बोल!" हीसुद्धा त्या यहुद्यांचीच रीत. नाव कळलं की भूत हुकमात येतं, असं ते मानत. शुभवर्तमानात येशूनंही एका भुताला नाव विचारलंच आहे. पण आमची पोर प्रत्येक हाकेला आणखीच आक्रसत होती. मला बघवेना.

"साहेब, थांबा," मी म्हटलं. "ते लोक आजाऱ्यापाशी बसून स्तोत्रंही गायचे. आज तेवढंच करू ना."

ते खाटेच्या कडेला बसले आणि हळू आवाजात गाऊ लागले. सासूबाईंनी लेकीचे पाय मांडीवर घेतले, मी डोकं घेतलं. किती दिवसांनी तिला असं कोणी धरलं होतं, कोण जाणे! लोक तिच्या आतल्याशीच बोलत होते, तिच्याशी नाही. गाता गाता तिची मूठ सैल पडली.

"वहिनी," ती म्हणाली, "साहेब मघापासून नाव इचारून राह्यले. मी काय सांगू वं? माह्या लेकराचं नाव ठेवलंच नव्हतं ना."

गाणं तिथंच थांबलं. सासूबाई पदरात तोंड घालून रडल्या. मीही रडले, लपवत नाही.

गेलेल्या लेकराचं नाव ठेवायची आमच्याकडे रीत नाही. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला आणि बाप्तिस्म्याला घेतात तसं वाटीत पाणी आणायला मला सांगितलं. मी आले तेव्हा ती उठून बसली होती. त्यांनी अगदी हळू विचारलं, "पोरी, लेकराचं नाव काय ठेवायचं?"

तिनं सांगितलं.