बोरमाळेचं शूटिंग

बँकेतून निवृत्त झाल्यावर बायका गुडघे सांभाळतात, मी मशीन घेतलं. लांब दांडा, खाली थाळीएवढं चाक, आणि जमिनीत धातू असला की कानात टुंई करून सांगणारं. आमच्या जुळे सोलापुरात मोकळे प्लॉट भरपूर. सकाळी हेडफोन लावून मी तिथं फिरते आणि सापडेल ते घरी आणते. खिळे, बाटल्यांची बुचं, कधीमधी एखादं जुनं नाणं. नवरा म्हणतो, तुझं लग्न भंगारवाल्याशी व्हायला हवं होतं. कॉलनीतल्या बायका तर मला महापालिकेची समजतात आणि पाणी कधी सोडणार म्हणून विचारतात. आधी मी समजावून सांगायचे. आता ‘उद्या’ म्हणून सांगते. महापालिकाही तेच सांगते.

मागं एकदा गस्तीवरच्या एका पोलिसानं हे मशीन बॉम्बशोधक पथकाचं आहे असं ठरवून दिवसभर ठाण्यात ठेवून घेतलं. माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. तळमजल्यावरच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी चहा पाजून शिकवलं की उघड्या जागी पोलीस काम करत असला तर आपण रेकॉर्डिंग करावं, त्याच्या कामात आडवं यायचं नाही, आवाज चढवायचा नाही. जमिनीत पुरलेलं, मालकाचा पत्ता नसलेलं असं काही दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, हेही सांगितलं. दहा रुपयांत भजी येत नाहीत हो, मी म्हटलं. कायदा इंग्रजांचा आहे, त्या म्हणाल्या, त्यांना भजी स्वस्त मिळत असतील. तेव्हापासून मी एक वाक्य पाठच केलं: “हवालदारसाहेब, हे रेकॉर्ड होतंय, आणि तो माझा हक्क आहे.” आरशासमोर म्हणून बघायचे. छान वाटायचं.

अशात वैरागजवळच्या खेड्यातून फोन आला. माझी धाकटी बहीण तिथं दिली आहे, पण फोन तिचा नव्हता, तिच्या जावेचा होता. मागच्या पावसाळ्यात दोघी जावा सोयाबीन खुरपायला गेल्या होत्या. घामानं गळा खाजतो म्हणून बहिणीनं आईची बोरमाळ काढून पदराला बांधली. संध्याकाळी घरी आल्यावर पदर मोकळा. रानात दोघीच होत्या, तेव्हा गावानं हिशेब करून टाकला. माझी बहीण तोंडानं कधी ‘चोर’ म्हणाली नाही. पण कुणी म्हटलं की ती नुसती गप्प बसायची. त्या गप्प बसण्यानं जावेचं वाटोळं झालं. हळदीकुंकवाला बोलावणं बंद, चूल वेगळी, आणि ती दारात आली की लोक मोबाईल उचलून खिशात घालायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फोनवर ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “अक्का, तुमचं ते मशीन घिऊन या. माझ्या नावाचं कायतरी करा.”

मी बहिणीला फोन करून सांगितलं, येतेय. तिनं कुरकुर केली आणि मग स्वतःच दिवस ठरवला. सोयाबीन निघून रान मोकळं झालं होतं, आणि अमावस्येला बैलांना सुट्टी, माणसंही शिवाराकडे फिरकत नाहीत. गर्दी नको असेल तर याहून चांगला दिवस नाही. अक्कल बघा आमची. त्यात बहिणीनं गावभर बढाई मारून ठेवली होती की माझी अक्का पायाळू आहे. पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेली. अशा माणसाला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात. मला समोर ठेवलेला चष्मा दिसत नाही.

म्हणजे अमावस्या, पायाळू बाई, हातात मशीन, आणि बांधावर पिशवीभर लिंबं. लिंबं बांधावरच्या झाडाची होती, मी लोणच्याला तोडून घेतली होती. पण शेजारच्या रानवाल्यानं लांबून बघितलं आणि पोलिसांना फोन लावला की हितं गुप्तधन काढायला लागलेत.

तोवर आम्ही अर्धं रान पालथं घातलं होतं. एक खुरपं, ट्रॅक्टरचा बोल्ट आणि दारूच्या बाटल्यांची इतकी बुचं निघाली की दाजींविषयी माझं मत बदललं. टुंई झालं की जाऊ धावायची, हातानं माती उकरायची आणि निघालेलं बूच आधी बहिणीला दाखवायची. बहीण बांधावर पाठ करून बसलेली. मला दोघींचा राग येत होता आणि दोघींची कीवही.

गाडी आली. पोट सुटलेले, मिशा रंगवलेले एक हवालदार उतरले आणि मागून तो शेजारी. मी मोबाईल काढला, समोर धरला आणि पाठ केलेलं वाक्य शब्दन् शब्द म्हणून टाकलं.

हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. “हाय की हक्क. काढा. पर आडवा धरा मोबाईल, उभ्यात सगळं बसत न्हाय.”

मग कळलं की नव्या कायद्यानं जप्ती करायची तर त्यांना शूटिंग करावंच लागतं, आणि त्यांच्या मोबाईलमध्ये जागा नव्हती. सगळी जागा साडूनं पाठवलेल्या सुप्रभातांनी खाल्ली होती. शेजारी म्हणाला माझा घ्या, तर त्याची बॅटरी आम्हाला लांबून शूट करण्यातच संपलेली. तेव्हा सरकारी कामासाठी उरला माझाच मोबाईल. ज्या हक्कासाठी मी आरशासमोर घसा सुकवला होता, तो मला असा वेठीला धरून मिळाला. हे साहेब सांगणार आणि मी शूट करणार. सूर्य पाठीमागं येतो म्हणून त्यांनी मला बांधाच्या पलीकडे जायला लावलं. मग लिंबं घ्या म्हणाले. जवळून घ्या म्हणाले. मी लिंबं घेतली.

पुढं चौकशी. पायाळू कोण, म्हटल्यावर तिघांनीही माझ्याकडे बोट केलं. खरंच पायाकडून जन्मलात का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लक्षात नाही, लहान होते. ते हसले नाहीत. गुप्तधनवाले पायाळू माणसाचाच बळी देतात हे त्यांना नोकरीत ऐकून ऐकून पाठ होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि माझ्या बहिणीकडे तिरका डोळा ठेवून हळूच विचारलं, “मॅडम, तुमाला हितं कुनी जबरदस्तीनं आनलंय का?” माझा मोबाईल माझ्याच हातात, रेकॉर्डिंग चालू, आणि माझ्या सख्ख्या बहिणीनं मला कापायला आणलंय की काय याची चौकशी मीच शूट करतेय. मी म्हटलं, एस्टीनं आलेय, स्वतःच्या तिकिटानं.

मग ते जमिनीच्या मालकिणीकडे वळले, म्हणजे बहिणीकडे. काय शोधताय? बहीण म्हणाली, बोरमाळ.

“चोरीला गेल्याली का हरवल्याली?” हवालदारांनी सरळ विचारलं. “चोरीची आसंल तर आत्ता तक्रार लिवायची, संशय कुनावर ते सांगायचं, मी त्या मानसाला गाडीत घालतो. हरवली आसंल तर विषयच संपला, आमी निगालो.”

बहीण गप्प. माझ्या चौकटीत ती मधोमध होती, आणि कडेला जाऊ, मातीनं भरलेले हात साडीला न पुसता तशीच उभी. शेजारी मान पुढं काढून ऐकत होता. माझ्या तोंडाशी शिवी आली होती, बोल की बये म्हणून, पण कामात आडवं यायचं नव्हतं.

“न्हाय,” बहीण शेवटी पुटपुटली. “हरवली. माझ्याच पदरातनं पडली. कुनी घेतली न्हाय.”

मला वाटलं झालं. पण हवालदार म्हणाले, वारं होतं, आवाज आला नसणार, लावून दाखवा. लावलं. खरंच नुसतं वारं. मग त्यांनी बहिणीला पुन्हा जागेवर उभं केलं, हनुवटी वर करायला सांगितली आणि सांगितलं की ठाण्यातल्या मोठ्या साहेबांना ऐकू जायला पाहिजे, जोरात. आणि माझी बहीण, जी इतके महिने घरातल्या घरात एवढं एक वाक्य बोलली नव्हती, ती उघड्या रानात ओरडून म्हणाली की बोरमाळ माझ्या पदरातनं पडली, माझ्या जावंनं घेतली न्हाय. ‘जावंनं’ हे पहिल्यांदा म्हणाली नव्हती. हवालदारांनी अंगठा दाखवला. मी मोबाईल खाली घेतला पण बंद करायचा विसरले, पुढचं शूटिंग सगळं ढेकळांचंच आलंय.

त्यानंतर हवालदारांनी मशीन कसं चालतं ते बघू म्हणून हेडफोन लावला, रंगवलेल्या मिशांतून हसत एक बूच शोधलं आणि जपून खिशात घातलं. जप्ती काय करायची हा प्रश्न उरला तेव्हा जावेनं स्वतःच थोडी लिंबं त्यांच्या ओंजळीत घातली. शेजारी गाडीतनं परत गेला. आता गावात काय सांगायचं याची त्याला घाई झाली होती.

गाडी दिसेनाशी झाल्यावर बहीण जावेकडे न बघता म्हणाली, उरलेलं रान बघून घेऊ, आजच. मी हेडफोन लावायला घेतले. जावेनं माझा हात धरला, मातीचा, गरम हात.

“ऱ्हाऊ द्या अक्का. मोठ्यानं बोलल्या तेवढं मला पाठवा.” मग ती रानाकडे बघत म्हणाली, “आता घावली, तर म्हनतील हिनंच आनून टाकली.”

मी मशीन बंद केलं.