बँकेने न पाठवलेलं नकारपत्र

ती बाई पहिल्यांदा ठाण्यात आली तो दिवस मी विसरू शकलेलो नाही. बाजाराचा दिवस होता. सकाळच्या हजेरीला तिघे गैरहजर, बंदोबस्ताला माणसं अपुरी, दुपारी उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांची भेट ठरलेली. पुढचं वाचून कुणी म्हणेल, कामाच्या गडबडीत असं होतं. म्हणून आधीच सांगतो, गडबड हे कारण नव्हतं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तेव्हा ठाणेदार होतो. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही देत नाही. बाई एसटीत कंडक्टर होती, माहेर धामणगाव बढेकडचं. नवरा भाजीपाला करायचा. तिच्या पगारावर कर्ज काढून दोघांनी गावाबाहेरच्या नव्या वस्तीत दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. खाकी गणवेशातच ती आली होती, ड्युटी संपवून. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

तिची तक्रार गृहकर्ज मिळवून देणाऱ्या एका एजंटाविरुद्ध होती. गावात त्याचं चांगलं बस्तान होतं. तुम्ही त्याच्याकडे जायचं, पगाराचे कागद द्यायचे, तो दोन-तीन बँका-कंपन्यांचे व्याजदर एका तक्त्यात मांडून तुमच्यासमोर ठेवायचा आणि कुठलं कर्ज घ्यावं ते सांगायचा. तुमच्याकडून एक पैसा घेत नसे. त्याचं कमिशन कर्ज देणाऱ्याकडून यायचं.

"साहेब, त्यानं माह्ये कागद आधी सरकारी बँकेत लावतो म्हटलं," बाई सांगू लागली. "मंग पंधरा दिवसानं बँकेचं पत्र आणून देल्लं, का तुमचा अर्ज नामंजूर झाला. म्हणून आमी त्या खाजगी कंपनीचं कर्ज घेतलं. दर कमीच होता पहिल्या वर्षी. आता आमच्या डेपोतल्या एका ड्रायव्हरचे हप्ते कमी होऊन राह्यले, रिझर्व्ह बँकेनं दर उतरवले म्हणून, अन् माह्ये वाढूनच राह्यले. तं मी बँकेत गेली, कर्ज तुमच्याकडं घ्या म्हणून सांगाले. ते म्हणते, तुमचा अर्ज आमच्याकडं कधी आलाच नाही."

तिने ते नकारपत्र माझ्यापुढे ठेवलं. बँकेच्या नावाचा कागद, जावक क्रमांक, शिक्का, सही. मी ते धड वाचलं नाही.

"बाई, बदलत्या दराचं कर्ज घेतलं तर दर बदलणारच. सही करताना वाचलं नव्हतं का?"

"दराचं मले समजत नाही साहेब. पण हे पत्र खोटं हाये, एवढं समजलं."

"ही दिवाणी बाब आहे. ग्राहक आयोगात जा."

ती कागद गोळा करून गेली. स्टेशन डायरीत मी एक ओळही घ्यायला लावली नाही.

आता खरं कारण सांगतो. माझं स्वतःचं गृहकर्ज त्याच एजंटाने करून दिलं होतं. निवृत्तीनंतर राहायला मी बुलढाण्याला घर घेतलं, मुलाला सहकर्जदार केलं. तेव्हा हा एजंट माझ्या क्वार्टरवर येऊन बसला, स्वच्छ अक्षरात तक्ता करून दिला, आणि मला उत्तम दरात बँकेचं कर्ज मिळालं. माणूस चाळिशीचा, बोलायला गोड, दर गुरुवारी शेगावला दर्शनाला जाणारा. माझा अनुभव चांगला, म्हणजे माणूस चांगला, असा माझा हिशोब होता. गुन्हेगाराच्या बाबतीत असला हिशोब एखाद्या शिपायाने मांडला असता तर मी त्याला झापलं असतं.

महिन्याभराने बाई पुन्हा आली. या वेळी बँकेकडून लेखी आणलं होतं: या नावाचा अर्ज शाखेत प्राप्त झालेला नाही. एवढं हातात आल्यावर गुन्हा दाखल करायला आणखी काही लागत नाही. मी अर्ज ठेवून घेतला, ठाणे अंमलदाराला "चौकशीवर ठेवा" म्हणालो, आणि ती फाटकाबाहेर पडल्यावर मोबाइल उचलला.

एजंटाला फोन केला.

"एक कंडक्टर बाई तुमच्या नावाने अर्ज घेऊन आली होती. काय असेल ते मिटवून टाका."

तीस वर्षांच्या नोकरीत मी पाच पैशांची लाच घेतली नाही. त्या दिवशीही घेतली नव्हती. पण लाच घेणाऱ्याने जे केलं असतं तेच मी फुकट केलं.

चार महिने गेले. मग एका सकाळी हजेरी आटोपल्यावर आमचे जमादार माझ्या खोलीत आले आणि दार लोटून उभे राहिले. बावीस वर्षं नोकरी झालेला माणूस. खबरी सांभाळण्यात जिल्ह्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मला वाटलं, कुठली तरी पक्की टीप आणली.

"सर, एक सांगाचं होतं."

"सांगा ना."

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. तसंच नकारपत्र, त्याच बँकेचं. त्यांच्या नावाचं.

"माह्यंबी तसंच झालं सर. कंपनीचं कर्ज वीस वर्षांचं घेतलं होतं, आता सव्वीस दाखवते. हप्ता तेवढाच, वर्षं वाढत चालले. त्या बाईचं ऐकलं तवाच डोक्यात आलं. काल बँकेत जाऊन आलो. माह्या अर्ज गेलाच नाही तिथं."

"अहो, मग इतके महिने काऊन थांबलात?" इतक्या वर्षांत मीही त्यांच्यासारखा बोलू लागलो होतो.

जमादार खाली बघत होते. "तुमीच तं पाठवलं होतं सर मले त्याच्याकडं. अन् बाई आली तवा तुमी जे म्हटलं, ते मी बाहेरून ऐकलं. मंग कोन्या तोंडानं सांगू?"

खबऱ्याला भीती वाटते ती गुंडाची. माझा स्वतःचा जमादार मला घाबरून इतके महिने गप्प बसला होता.

मी बाईचा अर्ज काढून आणायला सांगितला. दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली. तारखांमध्ये सात महिन्यांचं अंतर, आणि जावक क्रमांक एकच. एकाच क्रमांकाने कुठलीही कचेरी दोन पत्रं पाठवत नाही. ही गोष्ट ओळखायला हुशारी लागत नव्हती. पहिल्याच दिवशी बाईचं पत्र घेऊन बँकेत एक शिपाई पाठवला असता तरी पुरे होतं.

त्याच दिवशी फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल केला. पंचांसमक्ष एजंटाच्या कार्यालयाची झडती घेतली. शिक्का मिळाला नाही. कॉम्प्युटर नवा कोरा. जुन्या फायली नाहीत. त्याला ठाण्यात आणून समोर बसवलं. पहिला तासभर तो एकच सांगत राहिला: पत्रं एक माणूस आणून द्यायचा, त्याचा पत्ता माहीत नाही, आपणही फसलो.

"मले काय माहीत साहेब, कंपनी पुढं दर वाढवन म्हणून? मले वाटलं लोकायचा फायदा हाये. पहिल्या वर्षी तं कमीच होता ना दर?"

"जुना कॉम्प्युटर कुठे आहे?"

"विकला."

"शिक्का?"

त्याने खोलीत कोण कोण आहे ते पाहिलं. खोलीत जमादार होते, लेखनिक होता. मग एजंट हळूच म्हणाला, "तुमचा फोन आला ना साहेब, त्याच दिवशी विहिरीत टाकला."

लेखनिकाचं पेन थांबलं. मी त्याला म्हणालो, "लिहा. बोलला तसं लिहा."

एजंटाची भीड चेपली. "लिवा ना. पोलिसासमोरचं कबूल कोर्टात चालते का? अन् मले कंपनीचं समजत होतं, हे दाखवाले तुमच्याकडं एकच कागद हाये, साहेब. तो तुमच्या घरी हाये. काढान का?"

तो कुठल्या कागदाबद्दल बोलतोय हे मला तत्काळ कळलं. माझ्यासाठी त्याने केलेल्या तक्त्यात त्याच कंपनीच्या नावापुढे त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: पहिल्या वर्षी कमी, नंतर कंपनीच्या मर्जीवर, घेऊ नये. खाली सही आणि तारीख. बाईला दिलेला तक्ता त्याच आठवड्यातला. त्यात हा शेरा नव्हता आणि बँकेचा दर एक टक्का चढवून लिहिलेला. दोन्ही कागद एकत्र आले की त्याला सगळं ठाऊक होतं हे सिद्ध होत होतं. आणि ठाणेदाराला खरं सांगणारा हा माणूस कंडक्टर बाईला खोटं सांगत होता, हेही.

तो कागद कोर्टात गेला तर माझं त्याच्याशी काय नातं होतं तेही जाणार होतं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. दोन दिवस मी कागद दिला नाही. घरी कपाट उघडायचो, फाइल बघायचो, बंद करायचो. या दोन दिवसांचा खुलासा माझ्याजवळ नाही.

तिसऱ्या दिवशी फाइल घेऊन उपविभागीय अधिकाऱ्यांकडे गेलो आणि फोनसकट सगळं सांगितलं. वयाने माझ्यापेक्षा लहान अधिकारी. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "आता तुम्ही तपास अधिकारी राहू शकत नाही. साक्षीदार व्हाल." तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. हजारो लोकांचे जबाब मी नोंदवले होते. त्या आठवड्यात माझा नोंदवला गेला. खात्याने मला लेखी ताकीद दिली. ती कमीच होती.

एकूण चौदा कुटुंबं निघाली. त्यातल्या पाचांनी नकारपत्राशिवायच, नुसत्या तक्त्यावर विसंबून सह्या केल्या त्या माझ्या फोननंतरच्या चार महिन्यांत. या पाचांतल्या एका शिंपी जोडप्याने पुढे वाढलेल्या हप्त्यापायी घर विकलं आणि ते पुन्हा भाड्याच्या खोलीत गेलं. त्यांना मी कधी भेटलो नव्हतो, तरी त्यांचं घर गेलं त्यात माझा हात आहे.

एजंटाला खालच्या कोर्टात शिक्षा झाली, अपील सुरू आहे. कंडक्टर बाईने कर्ज बँकेकडे वळवून घेतलं. जमादारांनीही. त्यासाठी दोघांचे हेलपाटे झाले, मधल्या काळात जास्तीचं गेलेलं व्याज कुणी परत दिलं नाही.

घर घेणारे आता मला विचारतात तेव्हा मी एवढंच सांगतो. आजचा दर किती हे सगळेच सांगतात. तो दर कशाला जोडलेला आहे, कधी बदलणार आणि कमी होईल तेव्हा आपोआप कमी होणार का, हे लेखी घ्या. बँक नाही म्हणाली असं कुणी सांगितलं तर बँकेच्या दारात स्वतः जाऊन ऐका. पोलिसांत जे नवीन येतात त्यांना दुसरं सांगतो: आपल्याशी जो चांगला वागतो त्याच्याविरुद्धची तक्रार सगळ्यात आधी वाचा.

साक्षीच्या दिवशी बचावाच्या वकिलाने मला विचारलं, या बाई तुमच्याकडे पहिल्यांदा कधी आल्या आणि तुम्ही काय केलं? मी भर कोर्टात सांगितलं. बाई मागच्या बाकावर बसली होती. बाहेर व्हरांड्यात मी तिच्याजवळ गेलो. हात जोडले. म्हणालो, "ताई, माझं चुकलं. तुमचा कागद मी वाचायला हवा होता."

ती म्हणाली, "कागदाचं जाऊ द्या साहेब. मी आठ तास बशीत उभी राहून आली होती. तुमच्यासमोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बस म्हणाले असते तुमी, तं मले वाटलं असतं कोनी ऐकून राह्यलं."

खुर्च्यांचं मी वर लिहिलं नव्हतं. सगळं प्रामाणिकपणे लिहायचं ठरवून बसलो, तरी तेवढं गाळलं.