हे उत्तर माझं नव्हे

दुपारचं जेवून पडवीतल्या खाटेवर आडवी होते. डोळा लागत नाही. रागाने कानशिलं तापलीत. लॅपटॉप उशाशी तसाच उघडा आहे.

काय झालं सांगते. आमचे हे जहाजावर फिटर. चार वर्षांपूर्वी जहाजावरच गेले, हार्ट अटॅकने. आदल्या दिवशी त्यांची मेल आली होती. ती मी उघडलीच नाही. उघडली नाही तोवर त्यांचं काहीतरी बोलायचं बाकी आहे, एवढाच मला आधार. आज ब्राउझर आपला आपणच नवा झाला आणि त्या मेलच्या बाजूला पट्टी काढून म्हणतो, 'सारांश: पती सुखरूप आहेत. वीस तारखेला येणार.' कोणी विचारलं होतं रे तुला? ती बंद करायला गेले, तर खालचं तयार उत्तर दाबलं गेलं. 'छान! लवकर ये.' गेलंसुद्धा! पंचवीस वर्षांत मी यांना कधी अरेतुरे केलं नाही.

"मिळालं तुझं उत्तर," हे म्हणतात. खाटेच्या कडेला बसलेत, अंगात कामाचा निळा बॉयलर सूट.

"ते माझं नव्हे हो!"

"कळलं मला. तू कधी 'छान' म्हणालीस? साडी आणली तरी आधी रंगाला नावं ठेवायचीस."

हसू येतं आणि रडूही येतं. पडवीत भयंकर उकडतंय, कारण आम्ही इंजिनरूममध्ये आहोत. भिंतभर व्हॉल्व्ह, प्रत्येकावर पाटी, 'मी लिहून देऊ?' हे त्यातला एक पिळून बंद करतात की शेजारचा आपोआप उघडतो.

"सेटिंगमध्ये जाऊन बंद कर की."

"तीनदा केलं! अपडेट आलं की मेलं परत उपटतं. वर मलाच विचारतं, 'बंद का करताय?' मी त्याला कशाला सांगू?"

"एका बोटाने दोन तास टाइप केलं मी," हे एकदम भडकतात. "त्याच्या दोन ओळी? मी तुला लिहिलं होतं की त्याला?"

"मग मी काय करू?"

"वाच."

"वाचलं की संपलं ना सगळं!"

आता आम्ही दाभोळच्या धक्क्यावर आहोत, फेरीबोट सुटतेय आणि हे मागे न बघता चढतायत. नेहमीचंच यांचं, भांडण अर्धं टाकून निघायचं. "अहो, थांबा! काय लिहिलंत ते तोंडाने तरी सांगा!" मी ओरडते. भोंग्यात काही ऐकू येत नाही.

जाग येते. चार वाजलेत. स्क्रीनच्या उजव्या बाजूला, वरपासून खालपर्यंत, वायरींना लावतात ती काळी टेप चिकटवलेली आहे. पट्टी पार झाकून गेलीय. ही टेप यांच्या हत्यारांच्या पेटीतली. पेटी माळ्यावर, आणि माझ्या गुडघ्यांना माळ्याची शिडी झेपत नाही. अंगठ्याला मात्र डिंक लागलाय.

टेपच्या डावीकडे मेल उघडी आहे. मी चष्मा लावते.

'शालन, वीस तारखेचं काही खरं नाही. जहाज पुढे चाललंय. तू वेळेवर जेवत जा, माझ्यासाठी थांबू नकोस.'

खाली अजून बरंच आहे. वाचतेय मी. मधे कोणी बोलू नका.