एक दिवस खाली उतरलेली जीप

समोरच्या संदीपची जीप काल गल्लीत बुटकी दिसत होती. हौसेने चढवलेले कमरेइतके टायर काढून त्याने जुने बसवले होते. पोलिसांनी पकडल्यामुळे गाडी मूळच्या रूपात आरटीओत नेऊन दाखवायची होती.

त्याची आई, अनसूयाकाकू, दार उघडून एकट्याच आत बसल्या. एरवी त्यांना खाली स्टूल लागतं, वर दोघांचा आधार. "आज बरं वाटतंय रे," त्या म्हणाल्या. "अशीच राहू दे."

"उद्या परत चढवणार आहे, आई," संदीप म्हणाला.

मी स्कूटरवर असले की त्या जीपचा बंपर माझ्या छातीशी येतो. वळणावर त्याला मी दिसत नाही, हे मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायचं त्राण उरलं नाही. गाडी अशी उंच करायची नाही, हा नियम करताना कुणाला तरी म्हाताऱ्या गुडघ्यांची आठवण झाली असेल, असं काल पहिल्यांदाच मनात आलं. पण संदीपसाठी तो नियम एका दिवसाचा होता.

आज टायर पुन्हा चढले आहेत. काकू साडी बदलून खाली आल्या, क्षणभर जीपपाशी थांबल्या आणि मला म्हणाल्या, "कोपऱ्यापर्यंत सोबत चल गं. रिक्षा बघते."